त्रेसष्टचे छत्तीस : शालेय सॉफ्टवेअरच्या एका उन्हाळी प्रस्तावाविषयी

मार्च महिना निम्मा सरला की पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक निराळाच लेखनप्रकार बहराला येतो. तो ना निबंध, ना नोकरीचा अर्ज. मुले त्याला 'प्रपोजल' म्हणतात. काही पानांत विद्यार्थी लिहितो की अमुक सॉफ्टवेअरमध्ये अमुक उणीव आहे, ती मी येत्या उन्हाळ्यात इतक्या आठवड्यांत भरून काढीन. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असते, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो. 'गूगल समर ऑफ कोड' हा उपक्रम २००५ साली सुरू झाला. त्यात प्रस्ताव निवडते ती संबंधित सॉफ्टवेअरची संस्था, मार्गदर्शकही तिचाच, आणि मानधन तेवढे गूगलचे. २०२२ पासून विद्यार्थीच असण्याची अटही राहिलेली नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही नवखा अर्ज करू शकतो आणि ९०, १७५ किंवा ३५० तासांचे काम अंगावर घेऊ शकतो.

या प्रस्तावांत शैक्षणिक सॉफ्टवेअरचा एक मोठा विभाग असतो. लहान मुलांच्या खेळांचा संच असलेले 'जीकॉम्प्री' हे त्यातले जुने नाव. २००० साली एका फ्रेंच प्रोग्रामरने ते सुरू केले. फ्रेंच उच्चारात 'मला समजले' या वाक्याशी जुळणारी त्या नावात कोटी आहे. आज ते 'केडीई' या स्वयंसेवी समूहाच्या छत्राखाली चालते, फुकट मिळते, त्यात जाहिराती नसतात आणि इंटरनेटशिवाय साध्या संगणकावर चालते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना याहून सोयीचे काही सापडणे कठीण.

मग मराठी विद्यार्थ्याने त्यासाठी काय सुचवावे? पहिले उत्तर सुचते ते मराठीकरणाचे. इथेच नियम आडवा येतो. या उपक्रमात मानधन फक्त कोड लिहिण्याला आहे, नुसत्या भाषांतराला नाही. 'प्ले'च्या जागी 'खेळा' लिहिणे हे उपयोगाचे काम असले तरी उन्हाळी प्रकल्प होत नाही. हा नियम मला तरी अन्यायाचा वाटत नाही, कारण तो एक अवघड प्रश्न विचारायला भाग पाडतो : मराठी भाषा या सॉफ्टवेअरच्या पाट्यांवर न राहता त्याच्या तर्कात कुठे शिरते?

ती शिरते अंकांत. इंग्रजीत वीस ओलांडले की संख्येचे नाव जोडून तयार होते. दहांचे नाव आधी, एककांचे मागून, जसे लिहितो तसेच. प्रोग्रामरला नियम एकदा सांगितला की काम झाले. फ्रेंचमध्ये सत्तरला 'साठ-दहा' आणि ऐंशीला 'चार-वीस' म्हणतात, तेव्हा जीकॉम्प्रीच्या मूळ कर्त्याला तरी या भानगडीची कल्पना असणार. पण मराठीची तऱ्हा त्याहून दाट आहे. नुसता 'सात' घ्या. सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्याहत्तर अशी त्याची रूपे दशकागणिक बदलत जातात. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्या पुढच्या दशकातून एक वजा करून सांगितल्या जातात. 'एकोन' म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी. नव्याण्णवला मात्र हा नियमही लागत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 'त्रेसष्ट' ऐकताना तीनचा आवाज पहिला येतो, म्हणून मूल पहिल्यांदा ३ लिहिते आणि मग ६. म्हणजे ३६. (एकमेकांकडे तोंड केलेले अंक पाठ फिरवून बसतात, हा 'छत्तीसच्या आकड्या'चा वाक्प्रचार माहीत असणाऱ्यांना वेगळाच विनोद वाटेल.)

या प्रश्नावर महाराष्ट्रात एकदा चांगलेच रण माजले होते. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आल्याचे लोकांच्या लक्षात आले. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. रूढ नावे हद्दपार करण्याचा हेतू नव्हता. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून मुलांची वाट सोपी करावी, अशी भूमिका होती. पण वर्तमानपत्रांत, नाट्यगृहांच्या पायऱ्यांवर आणि विधानसभेतही आडनावांचे विनोद होऊन प्रकरण संस्कृतिरक्षणाकडे गेले. मूल नेमके कुठे चुकते, हा मूळचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. दोन्ही बाजूंना मते होती. मुलांच्या वह्यांतल्या चुकांची मोजदाद मात्र चर्चेत क्वचितच दिसली.

इथे उन्हाळी प्रस्तावाला खरी जागा आहे. समजा, मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे कोळवण खोऱ्यात वाढलेली एखादी विद्यार्थिनी पुण्यात संगणकशास्त्र शिकते आहे आणि तिला अर्ज करायचा आहे. तिने जीकॉम्प्रीमध्ये 'आवाज ऐका, संख्या निवडा' असा एक मराठी सराव सुचवावा. त्यात शंभर संख्यांची ध्वनिमुद्रणे लागतील, पण तो भाग सोपा. कोडचा भाग असा की चुकलेले उत्तर नुसते 'चूक' म्हणून टाकून द्यायचे नाही. ६३ला ३६ निवडले तर अंकांची अदलाबदल झाली. 'एकोणसाठ' ऐकून ६१ निवडले तर मुलाने 'एक' आणि 'साठ' ऐकले, मधला 'उणा' ऐकलाच नाही. सत्तेचाळीसला सत्तावन्न निवडले तर गोंधळ दशकाच्या आवाजाचा आहे. तीन चुका, तीन निराळी कारणे, तीन निराळे उपाय. पुढचा प्रश्न त्या कारणावरून ठरावा आणि आठवड्याअखेर गुरुजींना किंवा बाईंना दिसावे की वर्गातल्या कोणाला अदलाबदल छळते आणि कोणाला 'एकोण'. १७५ तासांत हे बसते. इंग्रजी आधाराने केलेल्या सॉफ्टवेअरला ही वर्गवारी सुचणारच नाही, कारण त्या भाषेत या चुकाच अशा होत नाहीत.

दुसरे उदाहरण अक्षरांचे. शब्द ओळखण्याच्या खेळात प्रोग्राम शब्दाचे तुकडे करतो. संगणकाला 'कोळवण'मध्ये पाच चिन्हे दिसतात : क, काना-मात्रेची खूण, ळ, व, ण. पहिलीतल्या मुलाला चारच अक्षरे दिसतात. 'क्षत्रिय'ची तर संगणकी मोजणी आठ भरते आणि पाटीवरची तीन. अशा खेळात मुलाला सुटी वेलांटी उचलायला लावणे म्हणजे त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या मराठीशीच फारकत. दुरुस्ती फार मोठी नाही, पण ती कोणाच्या तरी यादीत आधी यावी लागते. बहुतेक संस्था अर्जाआधी उमेदवाराने एखादी लहान दुरुस्ती करून दाखवावी अशी अपेक्षा ठेवतात. मराठी मुलासाठी यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

यंत्र आधी आणि शाळा नंतर, असा उलटा प्रवास आपल्याकडे एकदा झालेला आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेतली कल्पना केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली नाकारली. तरी २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी तिथे साथ दिली. त्यावर चालणारे 'शुगर' मुक्तस्रोत होते. २००८ मध्ये त्याचा कारभार 'शुगर लॅब्ज' या स्वतंत्र संस्थेकडे गेला आणि तो लॅपटॉप मागे पडल्यानंतरही ते जिवंत राहिले. आजही तिथे उन्हाळी प्रस्ताव जातात. यंत्र संपले तरी कोड उरतो, हा मुक्त परवान्याचा फायदा. तोटा असा की उन्हाळा संपल्यावर विद्यार्थी निघून जातो आणि मुख्य आवृत्तीत न मिसळलेला त्याचा कोड बाजूला पडून राहतो. म्हणून वेळापत्रकात शेवटचे तीन आठवडे नवे काही न करता फक्त तपासणी आणि मिसळणी यांसाठी ठेवलेला प्रस्ताव अनुभवी मार्गदर्शकाला लगेच ओळखू येतो.

वेळापत्रकावरून आठवले. हा 'उन्हाळा' आपला नव्हे. प्रस्तावाची मुदत मार्च-एप्रिलमध्ये संपते, काम मेअखेर किंवा जूनच्या आरंभी सुरू होऊन ऑगस्टअखेरपर्यंत चालते. मेमध्ये आपल्या शाळा बंद असतात, त्या जूनच्या मध्यावर उघडतात. अभियांत्रिकीच्या सत्रपरीक्षा त्याच मे-जूनमध्ये. कोळवण खोऱ्यात त्या सुमारास पाऊस लागतो, जुलैत भाताची लावणी असते आणि घरातली मोठी मुलेही खाचरात उतरतात. म्हणजे मुलांसमोर बसून पाहण्याचे दिवस दोनच : प्रस्ताव लिहिण्याआधीचा मार्च, आणि लावणी उरकल्यावरचा ऑगस्ट. मार्चमध्ये तिने दुसरीच्या वर्गात बसून पन्नास संख्यांचे श्रुतलेखन घ्यावे. प्रत्येक चुकीपुढे तिचा प्रकार लिहावा आणि तो तक्ता प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लावावा. ऑगस्टमध्ये त्याच वर्गात तोच सराव पुन्हा घ्यावा. ती मुले एव्हाना तिसरीत गेलेली असतील, म्हणून नव्या दुसरीचेही श्रुतलेखन सोबत घ्यावे लागेल. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राच्या परीक्षेत त्रेसष्ट लिहायला सांगितल्यावर किती जणांनी छत्तीस लिहिले, एवढा एकच आकडा शाळेकडून मागून घ्यावा.