बागरोजा : निजामशाहीच्या पहिल्या सुलतानाची कबर

शिरूरचा घोडनदीवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो. तिथून नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दौंडकरांना तर १८७८ पासून नगरला थेट रेल्वे आहे. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक अशा कामांसाठी दोन्ही तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं नगरला जात आली आहेत. जमलं तर भुईकोट किल्ला आणि डोंगरावरचा चांदबीबी महाल पाहून परततात. ज्याच्या नावावरून शहर अहमदनगर झालं, त्या अहमद निजामशहाच्या कबरीकडे मात्र फारशी पावलं वळत नाहीत.

ही कबर म्हणजे बागरोजा. शहराच्या पश्चिम अंगाला, सीना नदीजवळ. नाव मोठं गोड आहे. फारसीत बाग म्हणजे बाग, आणि रौझा या अरबी शब्दाचा मूळ अर्थही बागच. थोरांच्या कबरी बागेत बांधत, म्हणून पुढे कबरीलाच रौझा किंवा रोजा म्हणू लागले. खुलताबादचं जुनं नावही रौझाच.

अहमदचा बाप मलिक हसन हा बहमनी राज्याचा वजीर. त्याचं घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. अहमदचा जम बसला तो जुन्नरला. २८ मे १४९० रोजी त्याने बहमनी फौजेचा पराभव केला आणि तो स्वतंत्र झाला. विजयाच्या जागी त्याने बाग आणि वाडा उभारला, पुढे तिथेच राजधानी वसवली. जुन्नर आणि दौलताबादच्या मधली ही जागा त्याने विचार करूनच निवडली होती. १४९९ मध्ये दौलताबाद त्याच्या हाती आलं. १५१०च्या सुमारास तो वारला.

बागरोजा काळ्या पाषाणात बांधला आहे. इमारत चौकोनी, वर एकच घुमट. बाहेरच्या भिंतींवर कमानीदार कोनाड्यांच्या ओळी एकावर एक चढवल्या आहेत, त्यामुळे लांबून इमारत अनेक मजल्यांची वाटते. आत गेलं की कळतं, सगळी मिळून एकच उंच खोली आहे. भिंतींवर कुराणातली वचनं सोनेरी अक्षरांत होती.

चौकोनावर गोल घुमट बसवायचा कसा, हा गवंड्यांपुढचा खरा पेच. खोलीच्या चारही कोपऱ्यांत तिरक्या कमानी टाकल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोन वर्तुळाच्या जवळ जातो, आणि मग त्यावर घुमटाचं वजन टेकवता येतं. हीच युक्ती दख्खनभर चालली. पुढे विजापूरच्या गवंड्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी योजून गोलघुमटाचा सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट पेलला. बागरोजाचा आकार त्यापुढे लहान, पण प्रमाण इतकं नेमकं की नजर हलत नाही.

आवाराजवळच्या एका बांधकामाखाली हत्ती पुरल्याचं सांगतात. हत्तीचं नाव गुलाम अली. १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला याच हत्तीने पकडलं, अशी परंपरा आहे.

इतक्या मोठ्या राजघराण्याच्या कबरी नगरला फारशा का नाहीत? अहमदचा मुलगा बुरहाण याने शिया पंथ स्वीकारला होता. १५५३ मध्ये तो वारल्यावर त्याचे अवशेष पुढे करबलाला नेले. डोंगरावरचा तो तीन मजली अष्टकोनी ‘चांदबीबी महाल’ तर चांदबीबीचा नाहीच. ती सलाबतखान या वजिराची कबर. त्यामुळे सुलतानाची कबर म्हणून बागरोजाला मोल आहे.

शिरूर-दौंडच्या वाचकाला हा इतिहास परका वाटायचं कारण नाही. मालोजीराजे भोसले याच निजामशाहीचे सरदार. पुणे-सुप्याची जहागीर त्यांना निजामशहाकडूनच मिळाली. त्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली, असं परंपरा सांगते. कबरीचा मान राखणं तर शिरूरला नवं नाही. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या तिथल्या कबरीला लोक ‘सत्पुरुष’ मानून सुगीचं धान्य वाहत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे.

बागरोजा आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. पुढच्या खेपेला नगरचं काम उरकलं की तासभर काढा, मुलांना बरोबर घ्या, आणि घुमटाखाली उभं राहून कोपऱ्यांकडे आवर्जून पाहा.