सायंकाळचे दहा मैल

ग्रेट ब्रिटनमधील सायकल क्लबांत एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, आठवड्याच्या मधल्या एखाद्या सायंकाळी, दिवसभराची नोकरी आटोपून आलेली माणसे गावाबाहेरच्या एका मुक्रर रस्त्यावर जमतात, अल्पशी फी भरून नोंदवहीत सही करतात, पाठीवर क्रमांकाचा कागद टाचून घेतात, आणि एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकटी सुटून पाच मैल जातात व त्याच वाटेने पाच मैल परत येतात. ही तेथील ‘ईव्हनिंग टेन’. तिला प्रेक्षक नसतात, वर्तमानपत्रांत तिचा निकाल येत नाही, आणि पहिल्या आलेल्यालाही बहुधा क्लबच्या वहीतील नोंदीपलीकडे काही मिळत नाही. तथापि कारकून, शिक्षक, सुतार, परिचारिका, निवृत्त पोस्टमन अशा सर्व थरांतील माणसांनी शंभराहून अधिक वर्षे ही प्रथा निष्ठेने चालवली आहे. पोटासाठी दुसरा उद्योग करणाऱ्या माणसाला आपल्या शरीराची खरी परीक्षा घेता यावी, आणि ती परीक्षा सर्वांना समान असावी, यासाठी याहून निर्दोष व्यवस्था क्रीडाजगतात क्वचितच झाली असेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

या प्रथेचा उगम एका मज्जावात आहे. १८९४ सालच्या जुलै महिन्यात, लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यावर नॉर्थ रोड सायकलिंग क्लबची पन्नास मैलांची शर्यत चालू असता, स्पर्धकांचा एक घोळका पुढे जात असताना एका बाईंच्या गाडीचा घोडा बुजला, सायकलस्वार रस्त्याकडेच्या खंदकात कोसळले, आणि बाईंच्या तक्रारीवरून पोलिसांनी आपल्या हद्दीत शर्यतींस मनाई केली. सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेला असे भय वाटले की प्रकरण वाढल्यास सायकलीवरच सरकारची वक्रदृष्टी होईल. म्हणून तिने स्वतःच खुल्या रस्त्यावरील शर्यतींवर बंदी घातली. त्या अपघातग्रस्त घोळक्यात फ्रेडरिक बिडलेक नावाचे एक नामांकित सायकलपटू होते. घोळक्याने धावण्यास बंदी असेल, तर प्रत्येकाने एकट्याने धावावे आणि निवाडा घड्याळाने करावा, अशी तजवीज त्यांनी मांडली, आणि ५ ऑक्टोबर १८९५ रोजी त्या तत्त्वावरची पहिली पन्नास मैलांची स्पर्धा त्यांनी भरवली. एकेकटा सायकलस्वार शर्यतीत आहे की घरी चालला आहे, हे रस्त्यावरच्या इसमास कळण्याचे कारणच उरले नाही.

तरीही कित्येक दशके हा सर्व व्यवहार गुप्तपणेच चाले. स्पर्धा रविवारी पहाटे होत. स्पर्धक खांद्यापासून घोट्यापर्यंत काळा पेहराव करीत. कार्यक्रमपत्रिकेवर ‘खाजगी व गोपनीय’ असा शिक्का असे. आणि रस्त्याचे नाव न देता त्यास अक्षर व आकडा यांची सांकेतिक खूण दिली जाई. भय सरले, परंतु खुणा राहिल्या. हल शहराजवळील एक वेगवान मार्ग आजही ‘व्ही ७१८’ याच नावाने ओळखला जातो, आणि वेळ कमी करण्याच्या ईर्ष्येने दूरदूरचे सायकलपटू तेथे येतात. मधल्या काळात पर्सी स्टॅलर्ड या सायकलपटूंनी ७ जून १९४२ रोजी लँगोलेनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत एकत्र सुटणाऱ्या स्पर्धकांची शर्यत भरवून बंदी उघडपणे मोडली. त्यातून जुनी राष्ट्रीय संघटना आणि बंडखोरांची नवी संघटना यांच्यात उद्भवलेला कडवा कलह १९५९ साली त्यांचे विलीनीकरण होईपर्यंत शमला नाही. तेव्हापासून घोळक्याच्या शर्यतीही तेथे रीतसर होऊ लागल्या. परंतु बिडलेक यांच्या पद्धतीचे स्थान ढळले नाही. आज अशा स्पर्धा १९६० सालच्या नियमांनुसार, पोलिसांना आगाऊ लेखी इत्तला देऊन भरवल्या जातात.

स्पर्धेचे कामकाज पाहण्यासारखे असते. टाइमकीपर हातात घड्याळ घेऊन रस्त्याकडेला उभा राहतो. पाऊल पेडलात अडकवून सज्ज झालेल्या स्पर्धकाची सायकल मागून दुसरा स्वयंसेवक धरून ठेवतो, कारण धरणे नियमास संमत असले तरी ढकलणे निषिद्ध आहे. आणि शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजून झाले की स्वार निघतो. ठीक सातला मोजणी सुरू झाली, तर सतरा क्रमांकाचा स्वार सात वाजून सतरा मिनिटांनी सुटतो, आणि परतीच्या रेषेवरून जाताना आपला क्रमांक ओरडून सांगतो. त्या क्षणी घड्याळात सात वाजून बेचाळीस मिनिटे एकतीस सेकंद झाले असतील, तर त्यातून सतरा मिनिटे वजा करून पंचवीस मिनिटे एकतीस सेकंद ही त्याची वेळ वहीत दाखल होते. वळणाच्या जागी एक स्वयंसेवक निशाण घेऊन उभा असतो. पुढच्या स्वाराला गाठले तर त्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहण्यास सक्त मनाई असते. शक्य तितक्या लवकर त्याला ओलांडून जावे लागते. मंदगतीच्या स्पर्धकांनाही ईर्ष्या वाटावी म्हणून, प्रत्येकाच्या पूर्वीच्या कामगिरीवरून सवलतीची मिनिटे ठरवून त्यांचा वेगळा निकाल लावण्याचीही रीत आहे, आणि त्यात साठी ओलांडलेले गृहस्थ विशीतल्या तरुणाच्या वर आल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

या स्पर्धेतील खरा प्रतिस्पर्धी वारा होय. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेग गेला की स्वाराच्या श्रमांपैकी पाऊणहून अधिक हवा दूर सारण्यातच खर्च होतात, आणि हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. म्हणजे ताशी छत्तीसवरून चाळीसवर जाण्यासाठी, वेग केवळ एक नवमांशाने वाढत असूनही, हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ३७ टक्क्यांनी वाढवावी लागते. हवेला होणाऱ्या अडथळ्याचा मोठा वाटा सायकलीचा नसून माणसाच्या देहाचा असतो. सबब कोपर आखडून, पाठ जमिनीला समांतर करून, डोके खांद्यांमध्ये घेऊन बसण्याचा अभ्यास करावा लागतो, आणि मूल्यवान चाकांवर पैसा घालण्यापूर्वी हा अभ्यास करणे अधिक फलदायी ठरते. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांनी हे मर्म ओळखून, छातीखाली हात दुमडून बसता येईल अशी सायकल स्वतःच्या हातांनी बनवली, तिच्यात धुलाई यंत्रातील बेअरिंग बसवले, आणि १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून जागतिक उच्चांक केला. सहाच दिवसांनी तो उच्चांक मोडणारे ख्रिस बोर्डमन हेही क्लबांच्या अशाच स्पर्धांत वाढलेले इंग्लंडचे एक सुतार होते.

गेल्या वाटेने परत यायचे असल्यामुळे जाताना समोरून आलेला वारा येताना पाठीशी येतो, म्हणून हिशेब फिटला, असे पुष्कळांना वाटते. गणित निराळे सांगते. सोळा किलोमीटरच्या फेरीत वारा नसता ताशी चाळीसने चोवीस मिनिटे लागली असती; वाऱ्यामुळे जाताना वेग पस्तीस आणि येताना पंचेचाळीस झाला, तर सरासरी चाळीसच भासते, परंतु प्रत्यक्षात २३ सेकंद अधिक लागतात, कारण मंद वेगाने काढावयाचा काळ मोठा असतो. यास्तव जाणते स्वार वाऱ्याच्या तोंडावर किंचित अधिक जोर लावतात आणि पाठवाऱ्यात तो थोडा राखतात. नवख्याच्या हातून घडणारा सर्वांत मोठा प्रमाद मात्र पहिल्या दोन मिनिटांतच होतो: ताज्या पायांच्या बळावर तो सुसाट निघतो, आणि तिसऱ्या मैलावर त्याच्या श्वासाचे कर्ज फिटेनासे होते.

हे कर्ज म्हणजे काय, हे समजल्यावाचून सरावाचे शास्त्र उमगत नाही. एका ठरावीक श्रमपातळीपर्यंत स्नायूंना लागणारा प्राणवायू रक्त पुरवू शकते आणि माणूस बराच वेळ टिकाव धरतो. त्या पातळीच्या वर गेले की थकव्याची द्रव्ये निकालात निघण्यापेक्षा अधिक वेगाने साठू लागतात आणि काही मिनिटांत पाय जड होतात. ज्या सर्वाधिक जोराने सुमारे तासभर सायकल चालवता येईल, त्या जोराला सायकलपटू ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात. तो अजमावण्याची प्रचलित युक्ती अशी की वीस मिनिटे शक्य तितक्या जोराने सायकल चालवावी, पॉवर मीटरवर दिसलेल्या सरासरी वॅटचे ९५ टक्के करावेत, आणि तो आकडा प्रमाण धरावा. २५० वॅट दिसले, तर थ्रेशोल्ड सुमारे २३७. दहा मैलांची शर्यत पंचवीस मिनिटांच्या आसपासची असल्यामुळे ती या पातळीच्या थोडी वर धावावी लागते, आणि ती पातळी उंचावणे हाच सरावाचा मुख्य हेतू असतो.

शर्यत बुधवारी असेल, तर नोकरदार स्वाराचा आठवडा साधारणपणे असा जातो. रविवारी क्लबची लांब फेरी, तीन-चार तासांची, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाची. हिच्यामुळे स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, आणि चरबी जाळून शक्ती मिळवण्याची क्षमता वाढते. सोमवारी पूर्ण विश्रांती, मंगळवारी पाय मोकळे करण्यापुरती सायकल, बुधवारी शर्यत. शुक्रवारी घरातल्या ट्रेनरवर किंवा एखाद्या निर्वेध रस्त्यावर टप्प्याटप्प्याने कष्ट: वीस मिनिटांचे दोन टप्पे थ्रेशोल्डजवळ, किंवा चार-पाच मिनिटांचे चार-पाच टप्पे त्याहून वर, मध्ये तेवढाच विसावा. याहून अधिक करण्याचा मोह उत्साही माणसाला होतो, आणि तो घातक आहे. श्रमाने स्नायू प्रथम दुबळे होतात. त्यांची सुधारणा नंतरच्या झोपेत व विश्रांतीत होते. ज्याला सकाळी कचेरी गाठायची आहे आणि घरी लहान मूल आहे, त्याने आठवड्यातून दोन कठोर दिवसांवर संतुष्ट राहावे. सहा-सात तासांच्या सुनियोजित सरावाने वर्षभरात मिनिटामिनिटाने वेळ कमी करणारे पुष्कळ आहेत. आहाराविषयी जो मोठा बाऊ केला जातो, त्याचे या अंतराला फारसे कारण नाही. अर्ध्या तासाच्या श्रमाला पुरेल इतका साठा स्नायूंत असतोच, आणि कित्येक जण पाण्याची बाटलीदेखील बरोबर घेत नाहीत. अर्धा तास आधी अंग तापवून घेणे मात्र अपरिहार्य.

हौशी माणूस या पद्धतीने किती उंची गाठू शकतो, याचे प्रमाण म्हणून बेरिल बर्टन यांचे चरित्र पुरेसे आहे. बालपणी संधिवाताच्या तापाने त्या दीर्घकाळ रुग्णालयात होत्या, आणि जड श्रम टाळण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. पतीच्या संगतीने त्या सायकलीकडे वळल्या, यॉर्कशरमधील मॉर्ले गावी ऱ्हुबार्बच्या शेतात मजुरी करून सराव करीत राहिल्या, आणि १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षे ब्रिटनच्या सर्वोत्तम सर्वांगीण महिला सायकलपटू ठरल्या. सप्टेंबर १९६७ मध्ये बारा तासांच्या स्पर्धेत त्यांनी २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर, अंतर कापले. त्याच दिवशी माइक मॅकनमारा यांनी पुरुषांचा नवा उच्चांक केला होता. बर्टन यांनी त्यांना रस्त्यात गाठले, ओलांडताना ज्येष्ठमधाची एक गोळी त्यांच्या हाती दिली असे सांगतात, आणि दिवसअखेर त्यांच्याहून पाऊण मैल अधिक नोंदवला. पुरुषांना तो आकडा पार करण्यास दोन वर्षे लागली. महिलांमध्ये तो २०१७ पर्यंत अबाधित राहिला. जागतिक विजेतेपदे अनेकदा मिळवूनही त्या अखेरपर्यंत हौशीच राहिल्या.

महाराष्ट्राला सायकल शर्यतीचे आकर्षण नवे नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि त्या किताबाचा मान शर्यत जिंकण्याहून कमी मानला जात नाही. अलीकडे दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या मुदतबंद फेऱ्याही आपल्याकडे रुजल्या आहेत. दोनशेसाठी साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्यात कुणाचा क्रमांक लागत नाही. या दोहोंच्या मधली, दर आठवड्याला नेमाने होणारी, अल्पावधीची परीक्षा मात्र आपल्याकडे अद्याप प्रचारात आलेली नाही. सायंकाळ आपल्या उपयोगाची नाही, हे खरे. जूनमध्ये लंडनला दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि, १९१६ पासून घड्याळे तासभर पुढे करण्याचा कायदा असल्यामुळे, सूर्य रात्री नवानंतर मावळतो. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि तेथे सव्वासातच्या सुमारास सूर्यास्त होतो. परंतु बिडलेक यांच्या काळी इंग्लंडातही या स्पर्धा पहाटेच होत असत, आणि आपली पहाट त्यांच्याहून उबदार व नियमित आहे.

आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील सायकल क्लबांना म्हणून माझी विनंती आहे. रहदारी कमी असलेला, खड्डे नसलेला, वळण्यास सुरक्षित जागा असलेला आठ किलोमीटरचा रस्ता शोधा, तो काटेकोर मोजा, पोलिसांची लेखी परवानगी घ्या, आठवड्यातला एक वार ठरवा आणि ऋतू संपेपर्यंत तो मोडू नका. प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे लाल दिवा असल्याखेरीज त्याला सुटू देऊ नका. खर्चिक सायकल नसलेल्यांनाही तितक्याच आदराने वहीत नोंदवा. आणि ज्यांना धावायचे नाही, त्यांनी घड्याळ, वही किंवा निशाण यांपैकी एक हाती घ्यावे. तीन-चार स्वयंसेवक पहाटे वेळेवर हजर राहिले, तर स्पर्धा पार पडते.