घाई कसली, इंजिन तर बंदच पडलंय!

१६ जुलै २०२५ च्या रात्री दिल्लीहून गोव्याच्या मोपा विमानतळाकडे निघालेलं इंडिगोचं विमान मुंबईत उतरवावं लागलं. वाटेत एका इंजिनात बिघाड झाला आणि वैमानिकाने 'पॅन-पॅन' असा इशारा दिला, असं बातम्यांत आलं. अहमदाबादच्या विमान अपघाताला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. त्यामुळे 'इंजिन' एवढा एकच शब्द ऐकून लोकांच्या पोटात गोळा आला, यात नवल नाही. अहमदाबादची गोष्ट मात्र वेगळी. तिथे प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा एकापाठोपाठ तुटला होता. इथे एक इंजिन शाबूत होतं, आणि वैमानिकाने निवडलेल्या इशाऱ्यातूनही ते कळतं. जिवावर बेतलं असेल तर 'मेडे' म्हणतात. 'पॅन-पॅन' त्याच्या एक पायरी खालचा. आमची अडचण तातडीची आहे, आम्हाला वाट मोकळी करून द्या, पण विमान आमच्या ताब्यात आहे, असा त्याचा अर्थ.

दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकतं, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते एका इंजिनावर उड्डाणही पुरं करू शकतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. तसं करून दाखवल्याशिवाय त्या विमानाला परवानाच मिळत नाही. चाकं पोटात गेल्यानंतरच्या टप्प्यात, एक इंजिन बंद असताना, विमानाने किमान २.४ टक्के चढ घेतला पाहिजे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. आकडा फारसा दिमाखदार नाही. पण धावपट्टीपुढच्या टेकड्या, मनोरे, इमारती यांची उंची आधीच मोजलेली असते, आणि एवढ्याशा चढाने त्या पार होणार नसतील तर सामान किंवा प्रवासी कमी करून मगच विमान सोडतात. हा हिशेब रोजच्या रोज, प्रत्येक उड्डाणाआधी होतो. आपण तेव्हा सामान ठेवायला वरच्या कप्प्यात जागा शोधत असतो.

त्या हिशेबातून एक वेग निघतो. वैमानिक त्याला व्ही-वन म्हणतात. एअरबस ए३२० सारख्या विमानासाठी तो वजन, तापमान आणि धावपट्टीप्रमाणे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आगेमागे असतो. त्याच्या आत काही गंभीर घडलं तर ब्रेक लावून थांबायचं. तो ओलांडला की थांबायला पुरेशी धावपट्टी उरलेली नसते, त्यामुळे इंजिन गेलं तरी उडायचंच. धावपट्टीवर विमान पळत असताना कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो, कारण थांबायचं झालं तर तो खटका क्षणात मागे ओढायला हवा. व्ही-वनची हाक आली की तो हात तिथून काढून घ्यायचा, असा शिरस्ता आहे. दचकलेला माणूस सवयीने खटका मागे ओढेल, म्हणून मोहाची वस्तूच हाताखालून दूर करायची. विमानवाहतुकीतले कितीतरी नियम असे आहेत. माणूस घाबरणार, चुकणार, हे त्यांत आधीच धरलेलं असतं, आणि मला ते याचसाठी आवडतात.

आता समजा, व्ही-वननंतर डावं इंजिन गेलं. उजवं पूर्ण ताकदीने ढकलतंय, डावीकडे नुसतं ओझं. विमानाचं नाक डावीकडे वळू लागतं. वैमानिक उजव्या पायाने रडरचं पेडल दाबतो, शेपटीवरची उभी पट्टी फिरते आणि नाक सरळ होतं. जो पाय रिकामा राहिला त्या बाजूचं इंजिन मेलेलं, अशी वैमानिकांची जुनी खूणगाठ आहे. मग नाक वर, चाकं आत, वेग नेमका राखायचा.

आणि त्यापुढे? निदान चारशे फुटांपर्यंत इंजिनाला हातसुद्धा लावायचा नाही. नवख्याला हे पटत नाही. समोर लाल दिवा, कानात घंटा, इंजिनाला कदाचित आग लागलेली, आणि दोघे प्रशिक्षित वैमानिक विमान सरळ ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत! पण बंद पडलेलं इंजिन अर्ध्या मिनिटाने आणखी बंद पडत नाही. आगीचंही तसंच. इंजिन पंखाखाली लटकलेलं असतं, त्याच्या आणि पंखाच्या मधे आग रोखणाऱ्या भिंती असतात. त्या अर्ध्या मिनिटात खरा धोका असतो तो विमानाचा वेग घसरण्याचा किंवा ते कलंडण्याचा.

उंची मिळाली की कामाला सुरुवात होते, तीही बैठकीला बसल्यासारखी. एकाने फक्त विमान उडवायचं, दुसऱ्याने पडद्यावरची यादी वाचायची. एअरबसमध्ये एक वैमानिक बिघडलेल्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवतो, तिचं नाव मोठ्याने घेतो आणि थांबतो. जोडीदार मान वळवून बघतो, मगच 'कन्फर्म' म्हणतो. मग इंधनाचा स्विच, पुन्हा हात, पुन्हा विचारणा, पुन्हा होकार. आगीचं बटण असेल तर तेही असंच. ते दाबल्यावर दहा सेकंद मोजून आग विझवणाऱ्या वायूची पहिली बाटली सोडायची, तीस सेकंदांनी आग तशीच दिसली तर दुसरी. परत फिरवता न येणारी प्रत्येक कृती दोन माणसांच्या डोळ्यांखालून जाते. एवढी सावधगिरी कशासाठी, हे समजायला दोन अपघात बघावे लागतात.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७-४०० लंडनहून बेलफास्टला निघालं होतं. २८ हजार फुटांच्या वर चढत असताना धाडकन आवाज झाला, विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये जळका वास आणि धूर आला. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं होतं. वैमानिकांनी बंद केलं उजवं.

त्यांनी हे बेफिकिरीने केलं नव्हतं. ७३७ च्या आधीच्या प्रकारांवरून कॅप्टनची समजूत होती की केबिनमधली हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून येते. धूर आला म्हणजे उजवंच. नव्या प्रकारात ही रचना बदललेली होती. इंजिनाची थरथर दाखवणारा काटा खरं तेच सांगत होता, पण ती तबकडी नाण्याएवढी होती आणि जुन्या विमानांतल्या तसल्या काट्यांवर कुणी विश्वास ठेवत नसे. त्यातून एक क्रूर योगायोग घडला. उजव्या इंजिनाची ताकद कमी करताना त्यांनी इंजिनांची ताकद आपोआप राखणारं ऑटोथ्रॉटल सोडवलं, त्यामुळे डाव्याला जाणारं इंधनही कमी झालं, त्याचे झटके थांबले आणि धूर विरू लागला. उपाय लागू पडला, असंच त्यांना वाटलं. जवळच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडे उतरेपर्यंत तुटक्या इंजिनाने साथ दिली. शेवटच्या टप्प्यात त्याच्याकडून जास्त ताकद मागितली आणि ते कोसळलं. धावपट्टी समोर दिसत असताना विमान केगवर्थ गावाजवळ एम-वन महामार्गाच्या बांधावर आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले.

मधल्या वीस मिनिटांत निर्णय पडताळून पाहायला वेळ होता. एकदा दोघांनी तसा प्रयत्न सुरूही केला, पण रेडिओवरचे संदेश, उतरण्याची तयारी, संगणकात नव्या विमानतळाची नोंद यांत तो विस्कटून गेला.

दुसरा अपघात सव्वीस वर्षांनंतरचा, ४ फेब्रुवारी २०१५ चा, तैपेईतला. ट्रान्सएशियाचं एटीआर ७२ उडालं आणि बाराशे फुटांच्या आसपास असताना उजव्या इंजिनाच्या पंख्याची पाती आपोआप आडवी झाली. इंजिन मुळात धड होतं, दोष एका सुट्या भागातल्या विजेच्या जोडणीत होता. कॅप्टनने डाव्या इंजिनाचा, म्हणजे चालू असलेल्याचा, खटका मागे घेतला आणि पुढे ते बंदच केलं. मोठ्याने वाचण्या-विचारण्याची पद्धत पाळलीच गेली नाही. चूक लक्षात आली तेव्हा उंची संपली होती. उड्डाणपुलावरच्या टॅक्सीला पंख घासून कीलुंग नदीत पडणारं ते विमान अनेकांनी व्हिडिओत पाहिलं असेल. ५८ पैकी ४३ जण दगावले. केगवर्थनंतरचे सगळे धडे पुस्तकांत छापलेले असताना हे घडलं, म्हणून ते मला जास्त अस्वस्थ करतं.

उंचावर, निवांत वाटचालीत इंजिन गेलं तर वेगळाच प्रश्न येतो. ३७ हजार फुटांवर एका इंजिनाला विमान तोलून धरता येत नाही, त्यामुळे ते हळूहळू खाली येतं आणि वीस-पंचवीस हजार फुटांवर स्थिरावतं. दख्खनच्या पठारावर याने काही बिघडत नाही. हिमालयात बिघडतं. लेहचा विमानतळच १०,६८२ फुटांवर, आणि चहूबाजूंनी डोंगर. तिथे विरळ हवेत इंजिनाची ताकद आधीच कमी, ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. म्हणून लेहची विमानं सकाळी लवकर असतात. २०२४ च्या जुलैअखेर लडाखमध्ये पारा असा चढला की तिथली विमानं रद्द करावी लागली. दोन्ही इंजिनं चालू असती तर ती उडालीही असती. पण एक गेलं तर दरीतून सुखरूप वळून परत येता येईल का, या प्रश्नाचं उत्तर त्या तापमानाला 'नाही' असं येत होतं. पर्यटक विमान कंपन्यांवर चिडतात. चिडावं, पण निदान कशासाठी ते ठाऊक असावं.

महासागरावरून जाताना हाच हिशेब अंतराचा होतो. एका इंजिनावर किती मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, याची मर्यादा असते. १९८५ मध्ये अमेरिकेने ती दोन तासांवर नेली, पुढे तीन तास झाली आणि आज त्याहूनही लांबचे मार्ग मंजूर आहेत. तीन तासांची मुभा मिळवायची तर इंजिन हवेत बंद पडण्याचं प्रमाण साधारण पन्नास हजार तासांत एकाहून जास्त असता कामा नये. अनेक वैमानिक निवृत्त होईपर्यंत प्रत्यक्षात एकही इंजिन बंद पडलेलं बघत नाहीत. सिम्युलेटरमध्ये मात्र दर सहा महिन्यांच्या तपासणीत ते हमखास पडतं, आणि परीक्षकाला व्ही-वनचाच मुहूर्त विशेष प्रिय असतो.

दोन्ही इंजिनं गेली तर? तेव्हा सावकाश चालण्याची चैन परवडत नाही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कवर कॅनडा हंस पक्ष्यांचा थवा यूएस एअरवेजच्या ए३२० च्या दोन्ही इंजिनांत शिरला, तेव्हा उंची होती सुमारे २,८०० फूट आणि हडसन नदीत टेकेपर्यंत वेळ मिळाला २०८ सेकंद. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी दोन्ही इंजिनं बंद पडल्याची चेकलिस्ट उघडली, पण ती लिहिणाऱ्यांनी विमान खूप उंचावर असेल असं धरलं होतं. तिचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचून होईपर्यंत नदी आली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी यादीत बरंच पुढे असलेलं एक काम सुरुवातीलाच उरकलं होतं. शेपटीतलं छोटं इंजिन चालू केलं, त्यामुळे वीज टिकली आणि विमानाची संगणकीय नियंत्रणं शाबूत राहिली. १५५ जण वाचले. चौकशीत सिम्युलेटरवर असंही दिसलं की पक्षी आदळताक्षणी मागे वळलं असतं तर ला ग्वार्डियाची धावपट्टी गाठता आली असती. मग विचार करायला ३५ सेकंद धरून तोच प्रयोग केला, तेव्हा विमान पोहोचलं नाही. नेमकं काय झालंय ते उमगायला माणसाला लागणारा वेळ चौकशीत मोजला गेला, ही मला त्या प्रकरणातली मोठी गोष्ट वाटते.

केगवर्थचं एक टोक अजून सुटं आहे. त्या रात्री कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता आणि आम्ही ते बंद केलंय. डावीकडच्या इंजिनातून निघालेल्या ज्वाळा मागच्या काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी पाहिल्या होत्या. उजवं म्हणाले, हे कानावर पडूनही कुणी पुढे जाऊन विचारलं नाही. वैमानिकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असंच सगळ्यांना वाटलं. अपघातानंतर वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांच्या एकत्र प्रशिक्षणावर भर आला. बहुतेक विमानांत वैमानिकाला आपल्या खुर्चीतून इंजिनं दिसतच नाहीत, मागच्या खिडकीतल्या प्रवाशाला दिसतात. तेव्हा कधी पंखाखाली जाळ दिसलाच तर बेल दाबून कर्मचाऱ्याला सांगावं, आणि डावं-उजवं स्वतःचं तोंड कॉकपिटकडे ठेवून सांगावं. हवाई सुंदरीची घडीची खुर्ची बहुधा उलट्या दिशेला असते.