लोणारचे फोटो वेबसाइटवर नीट कसे मांडायचे?

मंठ्याहून लोणार जवळ, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या मोबाइलमध्ये सरोवराचे फोटो असतातच. ते वेबसाइटवर मांडताना खरी अडचण येते आकाराची. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर आडव्या फोटोत शोभतं, दैत्यसूदन मंदिरावरची शिल्पं उभ्या. दोन्ही शेजारी ठेवले की रांग वेडीवाकडी होते.

यावर सीएसएस ग्रिड हा उत्तम उपाय. 2017 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये तो चालतो. रकान्यांसाठी 'ऑटो-फिल' आणि 'मिनमॅक्स' वापरा, किमान रुंदी 160 पिक्सेल ठेवा. मोबाइलवर साधारण दोन रकाने बसतील, लॅपटॉपवर जागेप्रमाणे आपोआप वाढतील.

फोटोंना सारखा 'अ‍ॅस्पेक्ट-रेशो' आणि 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' द्या. फोटो ताणला जात नाही, फक्त जास्तीच्या कडा झाकल्या जातात. पण ब्राउझर मधला भाग धरून ठेवतो, म्हणून उभ्या मूर्तीचा नेमका मुकुटच गायब होतो! तिथे 'ऑब्जेक्ट-पोझिशन: टॉप' लिहा. विवराच्या फोटोला मात्र 'स्पॅन 2' देऊन दोन रकाने द्याच. एवढ्याशा चौकटीत त्याची भव्यता कळत नाही.

पान लवकर उघडावं म्हणून फोटो वेबपी फॉरमॅटमध्ये ठेवा, खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा.

आणि 'ऑल्ट', म्हणजे फोटोचं लेखी वर्णन, रिकामं सोडू नका. 'फोटो 1' नको, 'गुलाबी झालेलं लोणार सरोवर, जून 2020' असं लिहा. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.