घर पक्कं, झोप ओट्यावर

किल्लारी परिसरातल्या एका पुनर्वसित गावात एका आजींकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांच्या मुलाची तक्रार साधी होती. "ताई, आई थंडीतसुद्धा घरात झोपत नाही. ओट्यावरच पडते. लोक आम्हाला नावं ठेवतात." घर पक्कं होतं, पलंग होता, सून जीव लावणारी होती. आदल्या हिवाळ्यात आजींना न्यूमोनिया होऊन गेला होता. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या त्या पदराच्या गाठीत बांधून ठेवत. "गोळी घेतली अन् जागच नाही आली तर?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड मातीची छतं झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. पुनर्वसनाच्या फायली बंद झाल्या. या माणसांच्या रात्री मात्र संपलेल्या नाहीत.

एकेका माणसाच्या घरी जाऊन, त्याच्या परिस्थितीतून, त्याच्याच मदतीने वाट काढायची, याला समाजकार्यात व्यक्तिसहयोग कार्य म्हणतात. बोलताना आम्ही केसवर्कच म्हणतो. मेरी रिचमंड यांनी १९१७ साली 'सोशल डायग्नोसिस' या ग्रंथात त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मोठ्या आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाला अमेरिकन मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० साली.

इतकी वर्षं निभावलेलं दुःख म्हातारपणी वर का येतं? कामाच्या अनुभवातून मला काही कारणं दिसतात. शेत आणि लेकरं यांच्या रगाड्यात आठवणीला सवड नसते. हात रिकामे झाले की ती येऊन बसते. जोडीदार आणि बरोबरीची माणसं गेली की "तुला आठवतं का?" असं विचारायला कुणी उरत नाही. स्मृती क्षीण होऊ लागली की कालचं पुसलं जातं, जुनं ठळक राहतं. आणि सगळ्यांत मोठं कारण शरीराचं: कान कमी ऐकतात, गुडघे साथ देत नाहीत. पुन्हा जमीन हलली तर आता पळता येणार नाही, ही भीती खोटी कशी म्हणावी? या भागात नंतरही अधूनमधून सौम्य धक्के जाणवत आले आहेत.

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू वृद्धांबरोबर काम करणाऱ्यांनाही हेच दिसलं. आंघोळीचा शॉवर, गणवेशातला माणूस, बंद दार यांनी कुणी थरथरे. कुणी पाव लपवून ठेवी. तिथून आपण घ्यायचा धडा एवढाच, की अशा वागण्याला हट्ट म्हणण्याआधी त्यामागचं कारण शोधावं.

हे वाचून माहीत असूनही मी चुकले. पहिल्याच महिन्यात मी मुलाची बाजू घेतली. पलंग आतल्या खोलीत नेला, रात्री दाराला कडी घालायला सांगितलं. तिसऱ्या रात्री आजी अंधारात उठल्या, उंबऱ्याला अडखळून पडल्या, मनगट मोडलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग मी नव्याने सुरुवात केली. त्या रात्रीबद्दल विचारलं नाही. सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. मी विचारलं, "आजी, घरात झोपायचं तर काय काय पाहिजे?" त्यांची यादी तयारच होती. पलंग दाराशी. डोक्यावरच्या फळीवरची भांडी खाली. चपला आणि बॅटरी उशाशी. दार उघडं. आणि नातीचं अंथरूण त्यांच्याही पुढे, दाराच्या अगदी जवळ. ते का, हे घरात कुणी विचारलं नाही. मुलाने मान खाली घातली.

मुलाने लोखंडी जाळीचं दार बसवलं, कडी आजींच्या हाताला येईल अशी. गोळ्यांबद्दल मी डॉक्टरांशी बोलले. त्यांनी त्या थांबवल्या आणि कानांची तपासणी करायला पाठवलं. श्रावणबाळ योजनेचे अडकलेले पैसे सुरू झाले. हातात स्वतःचे पैसे असणं हाही आधारच.

एक काम उरलं होतं. नव्या गावात घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली: २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. त्यामुळे जुन्या गल्ल्या मोडल्या, शेजार पांगला. आजींची जुनी शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. रुंद रस्ते ओलांडून जाणं दोघींनाही जमत नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा नातू तिला मोटारसायकलवर आणून सोडतो. दोघी काय बोलतात, मला ठाऊक नाही. ते माझ्या नोंदवहीत यायचं कारणही नाही.

आजी आता थंडीत आत झोपतात. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मात्र ओट्यावरच. मुलगा त्या रात्री स्वतः शेजारी अंथरूण टाकतो. नोंदवहीत मी त्यापुढे लिहिते, 'ठरल्याप्रमाणे.'