पुस्तकातला व्यापार आणि पेढीवरचा फैसला

माझा पुतण्या एम.बी.ए. करतो. परवा पेढीवर बसून विचारू लागला, ‘‘चाचा, आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सिद्धांत आणि कंपनीचे धोरण, यांचा एकमेकांशी संबंध काय?’’ मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. पण उभी हयात कापड विकण्यात गेली. म्हणून कापडाचेच उदाहरण दिले.

१८१७ साली रिकार्डो या इंग्रज विद्वानाने कापड आणि दारू या दोन जिनसा घेऊन सिद्धांत मांडला. (दारूचे सोडा, आपण कापडाचे पाहू.) ज्या देशाला जो माल तुलनेने स्वस्त पडतो, तो त्याने करावा. ही गोष्ट देशाची झाली. कारखानदाराने उद्या सकाळी काय करावे, ते त्यात नाही.

१९७४ पासून मल्टी फायबर कराराखाली श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीला कोटा लावला. दक्षिण कोरियाचा माल अडला. बांगलादेशवर कोटा नव्हता, मजुरीही कमी. पण मजुरी इतर कितीतरी देशांत कमी होती! फरक पडला तो दोन पेढ्यांच्या निर्णयाने. कोरियाची देवू आणि माजी सरकारी अधिकारी नूरुल कादेर यांची देश गार्मेंट्स यांनी करार केला. १९७९ मध्ये १३० माणसे पुसानला शिकायला गेली आणि परतल्यावर चितगावला कारखाना सुरू झाला.

व्यापारी बंधूंनी खरी पाहण्यासारखी गोष्ट भांडवलाची आहे. परदेशी गिऱ्हाइकाची एल.सी. बँकेत ठेवायची आणि तिच्या जोरावर कापड मागवण्यासाठी दुसरी एल.सी. उघडायची. माल बॉण्डेड गोदामात उतरतो. शिवून निर्यात होणार म्हणून जकात भरावी लागत नाही. म्हणजे कापडात स्वतःचा पैसा फारसा अडकत नाही. ही सोय सरकारकडून मिळवण्यात देश गार्मेंट्सचा मोठा वाटा होता.

पुढे त्या १३० पैकी बहुतेकांनी नोकरी सोडली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याकडे गेला. देशाचा फायदा झाला, शिकवणाऱ्या पेढीचे नुकसान. हा हिशेब रिकार्डोच्या वहीत सापडत नाही.

२००५ च्या १ जानेवारीला कोटा संपला. आता बांगलादेश बुडणार, असे अनेकांनी म्हटले होते. धंदा उलट वाढला.

पुतण्याने सगळे लिहून घेतले. मग विचारले, ‘‘चाचा, आपण किती माणसे शिकायला पाठवली?’’ मी तागे मोजायला घेतले.