डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी

अलोऱ्याहून चिपळूण आणि खेड मागे टाकून एसटीने मंडणगडकडे निघालात की रत्नागिरी जिल्हा जवळपास संपत येतो. तिथल्या घराडी गावात आशाताई कामत आणि प्रतिभाताई सेनगुप्ता यांनी २००३ साली स्नेहज्योती अंध विद्यालय सुरू केले. शाळा निवासी आहे, आणि वाड्या-वाड्यांत विखुरलेल्या कोकणात हे फार महत्त्वाचे. मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ पासून आहे. पण सहा वर्षांचे पोर एवढ्या लांब ठेवून यायला आईचा जीव होत नाही. मग ते घरीच राहते. कडेवर, नाहीतर ओटीवर एका जागी.

अंधशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना डोळ्यांइतकीच ही माया आड येते. कुणाला कायम भात कालवून भरवलेला असतो, कुणाला जिना चढूच दिलेला नसतो. हालचाल नाही म्हणून अंग डोलवत बसण्याची, बोटाने डोळे दाबण्याची सवय लागते. अशा मुलाला नुसत्या ‘शाब्बास’ने धीर येतो यावर माझा विश्वास नाही. वस्तू कुठे आहे ते कळले की धीर येतो. दुसऱ्या दिवशी ती तिथेच सापडली की टिकतो.

म्हणून सुरुवात ताटापासून. पाश्चात्त्य पद्धतीत ताट घड्याळासारखे शिकवतात: सहाच्या जागी हे, बाराच्या जागी ते. ज्याने तबकडीच पाहिलेली नाही त्याला याचा काय उपयोग? आपल्या पानाची रीत याहून सोपी. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. डावी-उजवी न चुकवणारी मावशी अंध मुलाला नकाशाच वाढते. मूल कड चाचपत जाते, वाटी सापडते आणि पहिल्या दिवशी लवंडते. सांडलेले त्यालाच पुसू द्यावे.

मग चालणे. बोटे किंचित मुडपून त्यांची मागची बाजू भिंतीला लावायची, हात अंगापुढे ठेवायचा. म्हणजे चौकट आधी हाताला कळते, कपाळाला नाही. मोठ्यांनी मुलाला ओढत न्यायचे नसते. त्याने मोठ्याचे मनगट धरायचे आणि अर्धे पाऊल मागे राहायचे. पायरी आली की मनगटाच्या चढ-उतारातून समजते. पुढे कान कामाला लागतात. अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत एकासारखी एक क्वार्टर्स. तिथे डोळस पाहुणाही चुकेल, पण गिरणीची घरघर मुलाला वळण सांगते. रिमझिम पाऊस तर मदतच करतो: केळीच्या पानावर वेगळा वाजतो, पत्र्यावर वेगळा, आणि अंगणाला आकार येतो. आषाढात मात्र तो पत्र्यावर कोसळू लागला की सगळे आवाज बुडतात, आणि काल भराभर चालणारे मूल आज दारातच थबकते. अशा दिवशी घाई करू नये.

ब्रेलची पाटी हा त्यानंतरचा टप्पा. टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून वाचायचे. ‘आई’ला पाच टिंबे लागतात.

ही वाट कुठवर जाते याचे एक उदाहरण. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात बेवारस मुले वाढतात. बाबा त्यांना आपले आडनाव देतात. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली अंध माला पापळकर तिथेच वाढली, अमरावतीत शिकली आणि २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली.

वझ्झरच्या मुलांना सुट्टीत जायला दुसरे घर नाही. कोकणातल्या मुलांना आहे, आणि गोची तिथेच होते. गणपतीत मूल घरी येते, आजी पुन्हा घास भरवू लागते, पाहुण्यांच्या गर्दीत त्याला कोपऱ्यात बसवले जाते. मखरासाठी कपाट सरकवले असेल तर मुलाला आधी सांगा, नवी जागा हात लावून दाखवा. तुम्ही खोलीतून उठून जाताना ‘मी जातोय’ एवढे म्हणा. नाहीतर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. आणि आरतीच्या वेळी झांजा त्याच्या हातात द्या.